पुस्तिकेत ७,५००, स्टिकरवर ३,०००: ऑइल नेमकं कधी बदलायचं ते लेखी कळवा

नागपूर
दि. ३० जुलै २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : फुल सिंथेटिक इंजिन ऑइल मुदतीआधी बदलायला लावणे, उरलेले ऑइल परत न देणे आणि जॉबकार्डवर वॉरंटी नाकारणारा शेरा मारणे.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची २५० सीसी मोटरसायकल मी १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, नागपुरातल्या आपल्या अधिकृत शोरूममधून घेतली. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती तिच्यात पडणाऱ्या तेलाची, म्हणजे खरं तर ते तेल पुन्हा पुन्हा ओतणाऱ्यांची.

मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सॅम्पल आणायला उमरेडला जातो, बाकीचे दिवस शहरातच. महिन्याला हजार किमीच्या आसपास गाडी चालते. पेट्रोल, किमी आणि सर्व्हिसिंगची नोंद मी वहीत ठेवतो, त्यामुळे खालचे आकडे अंदाजाने लिहिलेले नाहीत.

शनिवारी, २६ जुलैला, मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली ती मागच्या ब्रेकच्या आवाजासाठी. मीटरवर ९,५१० किमी होते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने ब्रेकचं ऐकून घेण्याआधी गाडीवरच्या स्टिकरकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ऑइल चेंज ड्यू होऊन गेलं भाऊ.’’ मी म्हटलं, एप्रिलमध्येच टाकलंय, पुस्तिकेत साडेसात हजार लिहिलंय. त्याने ऑइलचं झाकण फिरवून काढलं, झाकणाला लागलेलं तेल अंगठ्यात आणि बोटात चोळलं आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. ‘‘पाहा ना, काळं पडून राहिलं. काही दम नाही राहिला यात.’’

आमच्या लॅबमध्ये रक्ताची ट्यूब उजेडात धरून कोणी हिमोग्लोबिनचा आकडा सांगू लागला, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतील. इंजिनातली काजळी धुऊन ती स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यासाठीच त्यात डिटर्जंट घातलेले असतात. हजार-दीड हजार किमीनंतर ते काळं दिसणारच. तेल दुधाळ झालं असतं, तर पाणी शिरलं म्हणून मीच घाबरलो असतो. पेट्रोलचा वास आला असता, तरी ऐकून घेतलं असतं. तसं काही नव्हतं. लेव्हलच्या काचेत तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. तेही मी त्याला गाडी सरळ उभी करून दाखवलं.

मी नाही म्हटल्यावर त्याने जॉबकार्डवर लिहिलं : ‘ग्राहकाने ऑइल चेंज नाकारला. इंजिन वॉरंटी लागू नाही.’ आणि म्हणाला, सही करा. मी सही केली, पण सहीखाली ‘पुस्तिकेनुसार मुदत बाकी आहे’ असं लिहिलं. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. हे पत्र लिहायचं कारण तो शेरा. नाहीतर दोन बिलांचे पैसे गेले ते गेले म्हणून मी गप्प बसलो असतो.

आता ती दोन बिलं. पहिल्या सर्व्हिसला, १६ नोव्हेंबर २०२४ ला ९४० किमीवर, ऑइल बदललं. ते योग्यच होतं, नव्या इंजिनात घासून निघालेला धातूचा बारीक चुरा त्या तेलात उतरलेला असतो. तेव्हाच मला सांगण्यात आलं की या गाडीला फुल सिंथेटिकच लागतं, ‘महाग वाटते, पण टिकते’. मी खुशीने मान डोलावली. घरी येऊन पाहतो तर स्टिकरवर पुढचा आकडा ३,५०० लिहिलेला. म्हटलं, तपासायला बोलावत असतील. २५ जानेवारीला ३,४८० किमीवर गेलो, तर बोलता बोलता ड्रेन नट उघडलाही होता. २६ एप्रिलला ६,४२० किमीवर पुन्हा तेच. त्या वेळी मी विचारलं, पण विचारेपर्यंत ट्रेमध्ये तेल पडलेलं होतं.

प्रत्येक बिल २,१५३ रुपयांचं : ऑइलचे दोन डबे १,५६०, फिल्टर १६५, वॉशर १५, मजुरी जीएसटी धरून ४१३. आपल्या पुस्तिकेच्या सर्व्हिस तक्त्यात लिहिलं आहे की पहिल्या सर्व्हिसनंतर ऑइल आणि फिल्टर दर ७,५०० किमीला किंवा १२ महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावं. ९४० मध्ये साडेसात हजार मिळवले की ८,४४० होतात. म्हणजे आजवर एकदाच बदलायची गरज होती, तिथे दोनदा बदललं. म्हणून मी दोनांपैकी एकाच बिलाचे पैसे मागतो आहे, उगाच जास्त नाही.

याआधी माझ्याकडे शंभर सीसीची गाडी होती, चौदा वर्षं. तिला साधं मिनरल ऑइल, दर तीन हजाराला, गल्लीतल्या मेकॅनिककडे. त्याच्या दुप्पट किमतीचं तेल घालून तेही तीन हजारालाच काढायचं असेल, तर शिवशाहीचे पैसे भरून लाल डब्यात बसण्यासारखं झालं. सिंथेटिकचे जास्तीचे पैसे आम्ही कशासाठी मोजतो? त्याचे रेणू कारखान्यात एकसारखे घडवलेले असतात, म्हणून उष्णतेत ते लवकर ऑक्सिडाइज होत नाही, लवकर घट्ट होत नाही आणि त्याचा गाळ लवकर बनत नाही, यासाठीच ना?

ते कायम टिकतं असं माझं म्हणणं नाही. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात असतात. कारच्या तेलाला गिअरबॉक्सचे दाते सोसावे लागत नाहीत, इथे ते दाते तेलातल्या पॉलिमरच्या साखळ्या कातरत राहतात आणि तेल हळूहळू पातळ होत जातं. क्लचही त्यातच बुडालेला, म्हणून तर डब्यावर जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) आहे की नाही हे मी दर वेळी स्वतः वाचतो. शिवाय गाडी रोज दोन-दोन किमीच चालत असेल, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि पाण्याचा अंश, पेट्रोलचा अंश तेलातच राहतो. माझ्या मेहुण्याची गाडी वर्षाला जेमतेम दोन हजार किमी चालते. तिचं ऑइल किमीची वाट न पाहता वर्ष झालं की मीच बदलायला लावतो. पण माझी गाडी आठवड्यातून दोनदा उमरेडपर्यंत एका दमात जाते आणि येते. इंजिन ऑइलला याहून सोपी नोकरी कोणती?

एप्रिलमध्ये हे सगळं बोललो तेव्हा उत्तर मिळालं, ‘‘नागपूरच्या उन्हात कंपनीचं पुस्तक चालत नाही जी.’’ मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, नवतपात दुपारी रस्ते ओस पडतात, हे मला कोणी सांगायला नको. पण चालू इंजिनात तेल शंभर अंशांच्या आसपास असतंच, आणि माझ्या गाडीला रेडिएटर आणि पंखा आहे. तरीही उन्हामुळे मुदत निम्म्याहून कमी होते असं आपल्या इंजिनिअरांचं मत असेल, तर ते पुस्तिकेत छापा. ही गाडी आपण विदर्भातही विकता. गाडी घेताना साडेसात हजाराची पुस्तिका हातात द्यायची आणि सर्व्हिसला गेलं की तीन हजाराचं स्टिकर चिकटवायचं, यातलं एक काहीतरी खोटं आहे.

दुसरं कारण धुळीचं सांगितलं. धूळ आहेच. उमरेड रोडवर कोळशाच्या ट्रकमागे दहा मिनिटं चाललात तर शर्टाची कॉलर सांगते. पण धुळीची एवढी काळजी होती, तर एअर फिल्टर उघडायला हवा होता. तिन्ही बिलांत आणि तिन्ही जॉबकार्डांत एअर फिल्टरचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, तो पुढच्या सर्व्हिसला. मागच्या रविवारी मीच सीटखालचे स्क्रू काढून पाहिला. जाळी राखेसारखी झाली होती. धूळ जिथून इंजिनात शिरते तो दरवाजा उघडा ठेवून तेल बदलण्यात कसली काळजी?

उरलेल्या तेलाचं तर विचारूच नका. फिल्टरसह इंजिनात बसतं १.३ लिटर, डबे फोडतात एक-एक लिटरचे दोन. दर वेळी ७०० मिली उरतं. दोन वेळचं मिळून १,४०० मिली, म्हणजे आणखी एक ऑइल चेंज होऊन वर थोडं उरेल इतकं. पैसे मी दोन्ही डब्यांचे भरले. एप्रिलमध्ये उरलेला डबा मागितला तर पोरगा आत जाऊन आला आणि म्हणाला, ‘‘सांडलं असंन जी.’’ जवळजवळ पाऊण लिटर सांडलं आणि फरशी कोरडी!

आपल्या टोल-फ्री क्रमांकावर २८ जुलैला फोन केला. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एका ताईंनी सांगितलं की ५,००० किमी किंवा सहा महिने. पुस्तिका वाचून दाखवली तर म्हणाल्या, मग डीलर सांगतील ते फायनल. एका गाडीला आता तीन आकडे झाले.

माझं मागणं थोडकं आहे. या मॉडेलला पुस्तिकेतल्या ग्रेडचं फुल सिंथेटिक ऑइल किती किमीला किंवा किती महिन्यांनी बदलायचं, ते कंपनीच्या लेटरहेडवर कळवावं, आणि त्या मुदतीच्या आत असलेल्या ग्राहकाची वॉरंटी कोणी नाकारू शकत नाही हेही त्यात लिहावं. २६ जुलैच्या जॉबकार्डवरचा शेरा रद्द करून त्याची प्रत मला द्यावी. एका बिलाचे २,१५३ रुपये आणि दुसऱ्या बिलातल्या ७०० मिली ऑइलचे ५४६ रुपये, मिळून २,६९९ रुपये परत करावेत. उरलेलं ऑइल ग्राहकाच्या हातात देण्याची सूचना त्या सेंटरला द्यावी. मी आपला डबा डिकीत ठेवून लेव्हल कमी झाली की टाकेन.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि तिथेही काही झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि कागद माझ्याकडे सगळे आहेत.

तोवर गाडी पुस्तिकेप्रमाणेच चालवणार आहे. २६ एप्रिलला टाकलेलं ऑइल १३,९२० किमीवर किंवा २६ एप्रिल २०२६ ला, जे आधी येईल तेव्हा, बदलेन. आज सकाळी मीटरवर ९,६२५ होते.

कळावे,

आपला एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि गाडी क्रमांक सोबतच्या कागदावर)

सोबत : तीन बिलं, तीन जॉबकार्डं, २६ जुलैचं शेऱ्याचं जॉबकार्ड, पुस्तिकेतल्या सर्व्हिस तक्त्याचं पान, स्टिकरचा आणि एअर फिल्टरचा फोटो.

ता. क. मागच्या ब्रेकचा आवाज अजून येतो.