चारही मेणबत्त्या एकाच उंचीच्या

संपादक साहेब,
जय ख्रिस्त.

डिसेंबर लागला की आपल्या पेपरात नाताळच्या सजावटीवर, खरेदीवर, गिफ्ट काय द्यावं ह्यावर बरंच छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते पण. ह्या वर्षी त्यात आगमनकाळावर सुद्धा चार ओळी याव्यात असं मनापासून वाटलं म्हणून हे पत्र.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला, त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा होतो तर कधी २८. चर्चमध्ये तेव्हा जांभळा रंग असतो, आणि कॅथलिक मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तर ह्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणतच नाहीत, कारण येशूच्या जन्माच्या रात्री मेंढपाळांना देवदूतांनी जे गाऊन दाखवलं त्याच शब्दांनी हे गीत सुरू होतं आणि ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. आपण मात्र १ तारखेपासूनच सगळं उरकायला घेतो.

मी स्वतः तेच केलं मागच्या वर्षी. क्वायरची प्रॅक्टिस, संडेस्कूलच्या मुलांचं नाटक, कॅरल राउंडची यादी, त्यात ऑफिसात वर्षअखेरीची कामं, आणि ह्या सगळ्यात घरी हिरव्या डहाळ्यांचं आगमनचक्र हौसेने करून ठेवलेलं. १८३९ साली जर्मनीत हॅम्बर्गला योहान विखर्न ह्यांनी त्यांच्याकडे राहणाऱ्या गरीब मुलांसाठी असं चक्र पहिल्यांदा केलं, नाताळ किती लांब आहे ते मुलांना दिसावं म्हणून. आपल्याकडे आता त्यावर चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक वाढवायची, म्हणजे चौथ्या रविवारपर्यंत पहिली पार खाली आलेली असते. मी काय केलं, २४ तारखेच्या रात्री घाईघाईत चारही एकदम पेटवल्या, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. आईने फोटो बघून एवढंच विचारलं, "अगं, सगळ्या सारख्याच कशा?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून टोचतं.

तेव्हापासून मला बायबलमधला म्हातारा याजक जखऱ्या सारखा आठवतो. मंदिरात सेवेचं काम करत असताना देवदूत त्याला मुलाची बातमी देतो, ह्याचा विश्वास बसत नाही, आणि मग मूल होईपर्यंत त्याची वाचाच जाते. लहानपणी मला ही शिक्षाच वाटायची फक्त. आता वाटतं, इतके महिने गप्प राहिल्यावर माणूस किती काय ऐकत असेल! आणि वाचा आल्यावर त्याच्या तोंडून पहिलं जे निघालं ते देवाची स्तुती. इतकी मोठी स्तुती धावपळीत सुचत नाही हो. येशूची आई मरीया पण तशीच, मेंढपाळ येऊन सगळं सांगून गेले, सगळे आश्चर्य करत होते, ती मात्र ते मनात ठेवून त्यावर विचार करत राहिली.

कामं करू नका असं मी म्हणत नाही, येशू घरी आल्यावर पाहुणचारात गुंतलेल्या मार्थासारखं कुणीतरी राबायलाच लागतं. पण सगळं २५ च्या आधीच कशाला कोंबायचं? नाताळ २५ ला सुरू होतो, बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची आठवण आपण ६ जानेवारीला करतो, मग एखादं गेट-टुगेदर, मुलांचा प्रोग्राम, भेटीगाठी ह्या मधल्या दिवसांत ठेवल्या तर काय बिघडलं? आपल्या मंडळ्यांच्या पास्टर, फादर आणि कमिटीवाल्यांनी ह्याचा खरंच विचार करावा ही माझी हात जोडून विनंती आहे, कारण प्रोग्रामच्या तारखा तेच ठरवतात.

आमच्या घरी ह्या वर्षी एकच गोष्ट धरलीय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरपासून रोज रात्री एक वाचायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि वाचून झालं की पाच मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं संपता संपेनात, मुलगा सारखा घड्याळाकडे बघत होता. काल तोच म्हणाला, आई, अजून थोडं बसू या.

पहिली मेणबत्ती बाकीच्यांपेक्षा बोटभर खाली आलीय.

आपली नम्र,
एक वाचक