भीमेच्या अल्याड-पल्याड धूळ एकच आहे ताई, मीटर तेवढे वेगळे

मा. पंकजाताई मुंडे,
पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य

ताई, नमस्कार.

मी सोलापूरची, हद्दवाढ भागात राहते. घरी कडक भाकरीचा धंदा आहे, मी, सासूबाई आणि गल्लीतल्या तीन बायका मिळून करतो. ज्वारी मंगळवेढ्याची. भाकरी थापायची, भाजायची आणि गच्चीवर जुन्या चादरीवर पसरून वाळवायची, इतकी वर्षं हेच चालत आलं, पण तीन वर्षं झाली गच्ची बंद केलीय. का तर साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की सकाळी पांढऱ्या भाकरीवर काळी राख पडलेली असते, तिळाएवढे कण, लांबनं बघितलं तर तीळ लावलेत असंच वाटतं, बोट फिरवलं की काळी रेघ उठते, मग ती भाकरी झटकूनही विकता येत नाही आणि पुसूनही नाही. पहिल्या साली एका दिवसात शंभर-सव्वाशे भाकऱ्या गाईपुढं टाकल्या, सासूबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आता आतल्या खोलीत दोन फॅन लावून वाळवतो, लाईटबिलाचं तर बोलायलाच नको.

तक्रार द्यायला गेले होते. एका ऑफिसात म्हणाले घर आमच्या हद्दीत आहे पण राख जिथनं उडते ती जागा आमच्या हद्दीत नाही, दुसऱ्या ऑफिसात म्हणाले कुठल्या धुराड्याची आहे ते सांगा मग बघू. आता हे मी सांगायचं? राखेवर काय नाव लिहिलेलं असतं का? परळीत तुमच्याकडं औष्णिक वीज केंद्र आहे, राख घरात येते म्हणजे काय होतं हे तुम्हाला मी समजवायची गरज नाही, म्हणूनच हे पत्र तुम्हालाच लिहितेय.

पण हे पत्र नुसतं राखेचं नाही. माझं माहेर पलीकडं, इंडी तालुक्यात, म्हणजे जिल्हा विजयपूर, राज्य कर्नाटक. मोठी बहीण अजून तिथंच असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी चार-साडेचारला तिचा फोन आला की मी हॅलो म्हणायच्या आधी पळत सुटते, कारण ती एकच वाक्य बोलते, "वादळ सुटलंय गं, वर काय असेल ते काढ." अक्काच्या गावात आभाळ तांबडं झालं की तासाभरात, कधी त्याच्याही आधी आमच्याकडं फुफाटा येतो, पत्रे वाजायला लागतात, समोरचं घर दिसत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत सगळं शांत होतं आणि मग घरभर बोटभर धूळ. दरवेळी त्याच बाजूनं येतं असं नाही, कधी तुळजापूरकडनं येतं कधी अक्कलकोटकडनं, तेव्हा अक्काचा उपयोग नसतो आणि आम्ही सापडतो. पण विचार करा ताई, दोन राज्यांच्या मध्ये वादळाची सगळ्यात फास्ट वर्दी देणारी यंत्रणा म्हणजे आमची अक्का आणि तिचा साधा बटणाचा मोबाईल!

आणि धूळ किती लांबनं येऊ शकते ते सगळ्या राज्यानं बघितलंय. २०२२ च्या जानेवारीत, २३ तारखेला, मुंबई-पुण्यात सगळीकडं पांढरट धुरकट झालं होतं, गाड्यांवर पावडर टाकल्यासारखा थर बसला होता, ती धूळ पाकिस्तानच्या बाजूनं अरबी समुद्र ओलांडून आली होती. कराचीपासून मुंबई आठ-नऊशे किलोमीटर. विजयपूर आमच्यापासून शंभर. मग सोलापूरची हवा सुधारायचा प्लॅन महापालिकेच्या हद्दीत बसून कसा काय होतो हे मला खरंच कळत नाही.

म्हणजे प्लॅन आहे, नाही असं नाही. २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत आणि त्यात आमचं सोलापूर आहे, लातूर आहे, सांगली-कोल्हापूर पण आहे. आणि पलीकडं कर्नाटकाच्या यादीत कलबुर्गी आहे. नकाशावर बोट ठेवून बघा, सोलापूर, लातूर, कलबुर्गी, तीनही एकाच पठारावर, एकाच काळ्या मातीवर, एकाच कोरड्या वाऱ्यात, आणि तिघांचे तीन प्लॅन, तीन फाईली, दोन राज्यांची दोन प्रदूषण नियंत्रण मंडळं. आमच्याकडं फताटेवाडीला १३२० मेगावॉटचं केंद्र आहे, पलीकडं विजयपूर जिल्ह्यात कुडगीला २४०० मेगावॉटचं. कलबुर्गीकडं शहाबाद, वाडी, सेडम हा सगळा सिमेंटचा आणि फरशीचा पट्टा. आमच्या घरातली फरशी शहाबादी, म्हणजे दगड पलीकडनं आला तेव्हा कुणाला हद्द आठवली नाही, त्याची धूळ आली की आठवते. मी कुणावर आरोप करत नाहीये हं, कुणाचं किती ते मोजल्याशिवाय कुणालाच बोलता येणार नाही, आणि आमचंही काही कमी नाही. साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात चिक्कार, ऊस तुटला की पाचट पेटवून देतात ते आमचेच लोक, हैदराबाद आणि विजयपूर रोडचे ट्रक आमच्याच गावातनं जातात, आणि ड्रेनेजसाठी उकरून सहा-सहा महिने तसाच टाकलेला रस्ता तर आमच्या गल्लीतच आहे. आमचा पण धूर वाऱ्यानं अक्काकडं जातच असणार की.

मोजायचं म्हटलं तर त्यातही गंमत आहे. आपल्याकडं हवेचा जो रोजचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, येतो तो २४ तासांच्या सरासरीचा असतो. वीस मिनिटांचं वादळ सरासरीत टाकलं की विरघळून जातं, ज्या दिवशी सासूबाईंना दम लागला आणि रात्रभर उशा लावून बसवावं लागलं त्या दिवशी मोबाईलवर शहर "मध्यम" होतं. आपला नियम म्हणतो पीएम १०, म्हणजे हवेतले धुळीचे कण, वर्षाच्या सरासरीनं घनमीटरमागं ६० मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजेत, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तोच आकडा १५ वर आणला, ते १५ आम्ही मागत नाही ताई, तासातासाचा आकडा द्या एवढंच म्हणतोय. दुसरं म्हणजे पीएम १० आणि पीएम २.५ (त्यातले अगदी बारीक कण) शेजारी-शेजारी ठेवून बघितले तर बराच अंदाज येतो म्हणतात, जाड कण जास्त असले तर माती-रस्त्याची धूळ, बारीक जास्त असले तर काहीतरी जळतंय. म्हणजे मला ऑफिसात जो प्रश्न विचारला त्याचं अर्धं उत्तर मशीन देऊ शकतं, पण मशीन शहरात. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, पलीकडं इंडी, चडचण, आळंद, जिथनं हे सगळं येतं-जातं त्या पट्ट्यात कुठल्या चौकात रोजचा आकडा लावलेला मी तरी बघितला नाही.

आणि सोलापूरच्या आभाळाकडं शास्त्रज्ञांचं लक्ष नाही असंही नाही. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामानाच्या संस्थेनं २०१८-१९ ला आमच्याकडंच पाऊस वाढवायला ढगात बीजारोपणाचा प्रयोग केला, विमानं फिरली, रडार लावलं, कारण आम्ही पर्जन्यछायेतले. त्या प्रयोगाच्या नावातच हवेतले कण आहेत, ढग आणि कण यांचं काय चालतं तेच बघत होते. त्याच संस्थेचं दामिनी ॲप वीज पडायच्या आधी इशारा देतं, आमच्या गल्लीत निम्म्या लोकांकडं आहे. विजेचं जमतं तर धुळीचं का जमू नये? अक्काचं काम ॲपनं करावं एवढीच अपेक्षा आहे.

तुम्ही म्हणाल दोन राज्यं म्हटली की अवघड असतं. असेल. पण कोरिया, जपान, चीन बघा. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या वाळवंटातली पिवळी धूळ दर वसंतात कोरिया-जपानवर जाते, तिला कोरियात ह्वांगसा म्हणतात आणि जपानात कोसा. ह्या तिघांचं एकमेकांशी किती पटतं ते आपण बातम्यांत बघतोच, तरी त्यांचे पर्यावरण मंत्री १९९९ पासून एकत्र बसतात आणि ह्या धुळीवर तिघं मिळून काम करतात. जागतिक हवामान संघटनेनं २००७ मध्ये धुळीच्या वादळांच्या इशाऱ्याची यंत्रणा उभी केली. संयुक्त राष्ट्रांनी तर २०२५ ते २०३४ हे अख्खं दशक वाळू आणि धुळीच्या वादळांशी लढायचं म्हणून जाहीर केलंय. आपणही मागं नव्हतो, १९९८ ला मालदीवच्या मालेमध्ये दक्षिण आशियातल्या देशांनी सीमेपलीकडं जाणाऱ्या प्रदूषणाबद्दल जाहीरनामा केला त्यात भारत आहे. म्हणजे मालदीवसोबत बसायला आपण तयार आणि इंडीसोबत नाही!

सीमावाद सुप्रीम कोर्टात आहे, असू दे, तो चालू दे, त्यावर मी बोलणार नाही (माहेर एकीकडं सासर एकीकडं, मी बोलले तर दोन्हीकडनं मार). पण हवेला कायदा आडवा येत नाही. १९८१ च्या हवा कायद्यातच लिहिलंय की राज्यांच्या मंडळांमध्ये समन्वय ठेवायचा आणि त्यांचे वाद मिटवायचे हे केंद्रीय मंडळाचं काम आहे. आणि दिल्लीच्या हवेसाठी २०२१ मध्ये वेगळा आयोगच केला, त्यात पंजाब, हरियाणा, राजस्थान, यूपी सगळे एका टेबलावर. तिथंही भांडणं मिटलेली नाहीत, पराली, म्हणजे शेतात जाळलेलं भाताचं काड, कुणाची यावर दरवर्षी वाजतंच, पण निदान कुणाला विचारायचं ते ठरलेलं आहे. आमच्याकडं आयोग नको, एवढं मोठं काही नको, सोलापूर, धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी ह्या पाच जिल्ह्यांचे कलेक्टर आणि दोन्ही मंडळांचे अधिकारी तीन महिन्यांतनं एकदा बसले तरी पुष्कळ झालं. सीमेच्या पट्ट्यात दोन्हीकडं सारखी मशीनं, तासाचा आकडा एकाच पानावर मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि कुठल्या सिझनमध्ये कुठनं काय येतं त्याचा दोघांनी मिळून एकच अभ्यास, म्हणजे तुमचा रिपोर्ट वेगळा आमचा वेगळा हे राहणार नाही.

पैशाचं पण एक बोलते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०२४ मध्ये हिशोब काढला होता, स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या पैशातला ६४ टक्के नुसता रस्त्याच्या धुळीवर गेला आणि कारखान्यांवर एक टक्कासुद्धा नाही. रस्ते झाडायलाच पाहिजेत, त्याला ना नाही. पण मशीननं मेन रोड झाडून पुढं गेलं की मागनं मातीचा उघडा ट्रक जातो, पाच मिनिटांत होतं तसं. ते ताडपत्री टाकायला लावणं फुकटात होतं.

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा, आत्ताच उठलाय. सिद्धेश्वराच्या यात्रेला होम मैदानावर गेलात कधी तर संध्याकाळी पाळण्याचे लाईट धुळीतनं दिसतात ते बघा, पोरांचे केस पांढरे होऊन येतात घरी. पाणी मारतात, दोन तास बरं वाटतं. पण त्या मैदानावर कानडी, तेलुगू, मराठी सगळ्या भाषेत लोक खोकत असतात, माझी अक्का पण येते दरवर्षी पोरांना घेऊन, यंदा मास्क लावून फिरली आणि भगर-चिवड्याच्या दुकानावर तिला कुणी ओळखेना.

ताई, पहिली बैठक सोलापुरात घ्या आणि पाडव्याच्या आधी घ्या, पाडवा झाला की वादळं सुरू होतात आणि मग सगळे पंचनाम्यात अडकतात. विजयपूर-कलबुर्गीच्या साहेबांना बोलवायचं पत्र कन्नडमध्ये लागलं तर मी लिहून देते. आणि बैठकीला भाकरी-शेंगाचटणी आमच्याकडनं, आतल्या खोलीत वाळवलेली.

तुमची,
हद्दवाढ भागातली एक भाकरीवाली
सोलापूर