भरलेली सिरिंज

खानापूर
मंगळवार, रात्र

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मधेच ठेवलास त्याचा मी राग धरलेला नाही. नाईट करून आलेला माणूस चिडतोच. पण बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहायला बसले. उद्या सोमनाथ बेळगावला येतोय, त्याच्याकडं देते.

तुझं म्हणणं असं की रात्री आयसीयूत तुम्ही दोघंच नर्स असता. एकजण रात्री दहा वाजताच्या इंजेक्शनांच्या सगळ्या सिरिंजा भरून ट्रेत मांडतो, दुसरा बेडबेडला जाऊन देतो. वेळ वाचतो, सगळे तसंच करतात. मी म्हटलं, दुसऱ्यानं भरलेली सिरिंज तू द्यायची नाही. तू म्हणालास, “आई, तुमच्या नर्सिंगच्या वेळचं वेगळं होतं.” असेल की वेगळं. पोटॅशियम काही बदललेलं नाही.

त्या ट्रेत काय काय असतं ते तूच बघ. पॅन्टॉप, म्हणजे अ‍ॅसिडिटीचं औषध, 40 मि.ग्रॅ., दहा मि.लि. एनएसमध्ये, म्हणजे मिठाच्या सलाईनमध्ये, विरघळवून दहा मि.लि.च्या सिरिंजमध्ये. फ्लशसाठी, म्हणजे नळी धुवायला, दहा मि.लि. एनएस, तेही दहाच्या सिरिंजमध्ये. आणि सलाईनच्या बाटलीत घालायला म्हणून ओढून ठेवलेलं केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, दहाच्याच सिरिंजमध्ये. तिन्ही पाण्यासारखी स्वच्छ, तिघांवर तीच टोपी. केसीएलचा अँपूल, म्हणजे काचेची कुपी, 15 टक्क्यांचा, 10 मि.लि., म्हणजे पोटॅशियमच्या मापात 20 मिलिइक्विव्हॅलंट. तेवढं फ्लश समजून सरळ शिरेत ढकललं तर हृदय मिनिटाभरात थांबू शकतं. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर कमी, या फरकावर हृदयाच्या स्नायूचं काम चालतं. बाहेरचं एकदम वाढलं की पेशी परत तयारच होत नाही, ठोका पडायचा राहतो. हे तू परीक्षेत लिहिलंयस, मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

म्हणून केसीएल सिरिंजमध्ये भरून ठेवायचंच नाही. बाटली तयार करायच्या वेळी अँपूल फोडायचा, तिथंच घालायचा आणि रिकामी सिरिंज लगेच टाकायची. लटकत्या बाटलीत खालून टोचू नकोस. केसीएल जड असतं, न ढवळलेल्या सरबतातल्या साखरेसारखं तळाशी, बरोबर सलाईनच्या नळीच्या तोंडाशी बसतं, आणि पहिले थेंब जवळजवळ नुसतं केसीएलच जातात. बाटली खाली उतरवायची, क्लॅम्प बंद करायचा, औषध घालायचं, आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, लेबल लावायचं, मगच लटकवायची. साध्या हाताच्या शिरेतून लिटरला 40 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको, तासाला 10 च्या वर नको. म्हणजे 500 मि.लि.त एक अँपूल घातला तर ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, आणि मॉनिटर असला तर डॉक्टर तासाला 20 पर्यंत नेतात, ते त्यांच्या लेखी ऑर्डरवर. आणि पेशंटला लघवी होतेय का ते आधी बघायचं. किडनी चालत नसेल तर घातलेलं बाहेर पडायला वाटच नसते.

बघ, पोटॅशियमवर बोलायचं नाही असं ठरवून बसले होते.

सिरिंजवर लेबल लावता म्हणालास, ते बरं झालं. पण नुसतं “पॅन्टॉप” लिहिलेली पट्टी म्हणजे लेबल नव्हे. औषधाचं नाव, एकूण किती, एका मि.लि.त किती, किती वाजता भरलं आणि सही, एवढं हवंच. पट्टी नळीवर लावायची पण आकडे झाकायचे नाहीत. टोपीवर तर कधीच नको, टोपी काढली की लेबल गेलं. आणि रिकामा अँपूल औषध देईपर्यंत सिरिंजशेजारी ट्रेत राहू दे. तीनदा वाचायचं म्हणतात ते खोक्यातून उचलताना, ओढताना आणि अँपूल टाकण्याआधी. भरलेली सिरिंज उचलणाऱ्याच्या वाट्याला यातलं एकही वाचन येत नाही, हे तुझ्या लक्षात येतंय का?

लेबल अगदी बरोबर असलं तरी माझं म्हणणं तेच राहील. भरणारा अँपूल बघतो पण त्या बेडच्या लाइनमध्ये, म्हणजे शिरेतल्या नळीत, काय चाललंय ते त्याला दिसत नाही. देणाऱ्याला लाइन दिसते, अँपूल नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक भरून ठेवलंय, आणि बेडवर आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेटचं सलाईन, चाललंय. आरएलमध्ये कॅल्शियम, दोन्ही एका नळीत भेटले की साका धरतो. एक थांबवून, एनएसनं नळी धुऊन मगच दुसरं. आणि 28 दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियमचं सलाईन चालू असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्यायचंच नाही. झटक्यांवरच्या फेनिटॉइनचंही तसंच. ते एनएसमध्येच, डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाईनच्या लाइनवर दिलं की पांढरे खडे. मिनिटाला 50 मि.ग्रॅ.पेक्षा वेगानं नाही, नाहीतर बीपी पडतं, ठोके बिघडतात, आणि शिरेबाहेर गेलं तर हात जांभळा होतो. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक एक ग्रॅम कमीत कमी शंभर मिनिटं. हे वेग ट्रेमध्ये लिहिलेले नसतात रे. ट्रे घेऊन फिरणाऱ्याला पुढचा बेड दिसत असतो, तो सगळंच एका दमात ढकलतो.

आणि नॉरअ‍ॅड, म्हणजे बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, चालू असलेल्या लाइनच्या थ्री-वेवर, म्हणजे तीन तोंडांच्या जोडावर, काहीही द्यायचं नाही, फ्लशसुद्धा नाही. नळीत साठलेलं नॉरअ‍ॅड पुढं ढकललं जातं, बीपी एकदम चढतं, आणि नळी परत भरेपर्यंत धाडकन उतरतं. त्या औषधाला लाइन वेगळीच हवी.

दुसऱ्याकडून तपासून घेतो म्हणालास. कसं घेतोस? सिरिंज दाखवून “दोन एमएल ना?” विचारलं तर समोरचा न बघता “हो” म्हणणार. इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, केसीएल, हृदयाला जोर देणारी इनोट्रोप यांचं गणित दुसऱ्यानं तुझं उत्तर न ऐकता स्वतः करायचं, मग दोन उत्तरं जुळवायची. हेपॅरिनच्या 5 मि.लि.च्या वायलमध्ये, म्हणजे रबरी बुचाच्या बाटलीत, 5000 युनिटही येतात आणि 25,000 ही, आणि रात्रीच्या उजेडात वायल सारख्याच दिसतात. एकूण आकडा नव्हे, एका मि.लि.त किती ते मोठ्यानं वाचायचं.

हे वाचताना तुला परत क्लासात बसल्यासारखं वाटत असेल. माफ कर. तुझे बाबा मला म्हणतातच, “तू पत्र लिहीत नाहीस, पुढच्या पाळीला ड्युटी ओव्हर देतेस.”

आजीला घरी सलाईन लावलं होतं ते आठवतं तुला? तू चौथीत होतास. बाबांचं घड्याळ हातात घेऊन स्टुलावर बसलेला, जेवायलाही उठेनास. चार तासांत 500 मि.लि. आणि मि.लि.ला 20 थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला 500 गुणिले 20 भागिले 240. तो हिशोब मी पाटीवर करून दाखवला होता. तू थेंब मोजून ओरडलास, “आई, बेचाळीस!” आजी कुशीवर वळली तेव्हा परत मोजलेस आणि तीस आले म्हणून रडायला आलास. हात हलला की वेग बदलतो हे तुला तेव्हाच कळलं. नंदगडच्या काकाला अजून पटत नाही, पोरगा नर्सिंगला गेला म्हणून लग्नातसुद्धा नाक मुरडतो. मुरडू दे. लोंढ्याच्या आत्याकडं मी सांगून आले, आमचा ओंकार आयसीयूचा ब्रदर आहे. आता सलाईन सोडायला पंप आले म्हणून मोजणं सोडू नकोस. पंप आपण सांगितलेला वेग देतो. सिरिंजमध्ये काय आहे आणि किती दाट आहे ते त्याला कळत नाही.

तर मग करायचं काय? सीनियरशी भांडू नकोस, “तुम्ही भरलेलं मी देणार नाही” असंही तोंडावर बोलू नकोस. काम वाटायची पद्धत बदल. आठ बेड असतील तर एक ते चार माझे, पाच ते आठ तुमचे. ज्याचे बेड त्यानंच चार्ट वाचायचा, भरायचं, द्यायचं आणि सही करायची. वेळ तेवढाच लागतो. एकावेळी एकाच पेशंटचं भरायचं, बेडशी न्यायचं, देऊन परत यायचं. मधेच बोलावलं आणि सिरिंज नजरेआड झाली तर टाकून द्यायची, पॅन्टॉपच्या एका वायलसाठी मन खाऊ देऊ नये. सही दिल्यावर, आधी नाही. दुसऱ्यानं भरलेलं देऊन तू सही केलीस तर जे ओढताना तू बघितलंच नाहीस ते दिलं असं कागदावर तूच लिहून देतोस, आणि उद्या काही झालं तर तो कागदच बोलतो.

नावाचं तर तुला सांगायला नकोच. आपल्या भागात दोन पाटील आणि दोन यल्लाप्पा एका वॉर्डात असतातच. “तुम्ही यल्लाप्पा ना?” विचारलं की झोपेतला माणूस “हौद्री”, म्हणजे “हो जी”, म्हणतो, बसप्पा असला तरी. “निम्म हेसरु हेळ्री”, म्हणजे “तुमचं नाव सांगा”, म्हणायचं, त्यालाच सांगू द्यायचं, मग हातावरच्या पट्टीचा आयपी नंबर, म्हणजे दाखल पेशंटचा नंबर, चार्टशी जुळवायचा. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्याचा उपयोग कर. व्हेंटिलेटरवरच्याला तर पट्टीशिवाय दुसरं काही नाही. फोनवरची ऑर्डर असेल तर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची, “पंधरा, एक पाच” असे आकडे सुटे करून. पंधरा आणि पन्नास फोनवर सारखेच ऐकू येतात.

रात्री तीनला मला जाग येते. तेव्हाच डोळे जड होतात, तेव्हाच कुणाचं तरी बीपी पडतं, आणि तेव्हाच कुणीतरी हातात सिरिंज देऊन म्हणतं, “ओंकार, एवढं दे की.” त्या वेळी “यात काय आहे? अँपूल कुठाय?” एवढं विचार. राग आला तर येऊ दे त्यांना. तू विचारणाराच आहेस, लहानपणापासून डोकं खाल्लंयस आमचं. मला भीती तुझ्या हाताची नाही, तुझ्या भिडेची आहे.

क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाड्यावर, पोटॅशियम चढलं तर हृदय सांभाळणारं कॅल्शियम ग्लुकोनेट 10 टक्के कुठल्या खणात आहे ते ड्युटीला लागल्या लागल्या बघून ठेव.

पिंकीचा अर्ज भरून झाला. हेपॅटायटिस बीच्या लशीच्या तीन डोसांनंतर तुला टायटर, म्हणजे लस लागली का ते बघणारी रक्ततपासणी, करायला सांगितलं होतं, केलंस का? बाबांची शुगर ठीक आहे. रविवारी सुट्टी असली तर ये, नाहीतर फोन तरी कर. पोटॅशियमचं बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. शुगरवरून आठवलं. वायलचं इन्सुलिन बहुतेक मि.लि.ला 40 युनिटचं, पेनच्या काडतुसातलं बहुतेक 100 चं. पेन सापडत नाही म्हणून कुणी काडतुसातून 40 च्या सिरिंजनं ओढलं तर दहाच्या खुणेला 25 युनिट येतात. उलट, वायलमधलं 40 चं 100 च्या सिरिंजनं ओढलं तर दहाच्या खुणेला चारच. लाल टोपी 40 ची, नारिंगी 100 ची असते, पण टोप्या बदलतात, नळीवर छापलेलं वाच. आणि तीही भरलेली मिळाली तर घेऊ नकोस.