तुरुंगाचा धाक आणि धान्याचे भाव

संपादक महोदय,

सध्या गुन्हेगारीविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात ‘इंग्रजांच्या काळी तुरुंगाचा खरा धाक होता, म्हणून गुन्हे कमी होते’ असे विधान वारंवार कानावर येते. ज्या काळाचा हवाला दिला जातो, त्या काळाचे सरकारी अहवाल आणि आपल्याच लोकांनी त्यावर केलेली टीका वाचली, तर हे विधान टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश हिंदुस्थानात तुरुंग अधिकाधिक कडक करण्याचे प्रयत्न सतत झाले. गुन्ह्यांचा आकडा मात्र धान्याच्या भावाबरोबर आणि नव्या कायद्यांबरोबर हलत राहिला. हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडू द्यावा, ही विनंती.

गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कायदा सदस्य मेकॉले याच्या सूचनेवरून १८३६ साली तुरुंगांतील शिस्तीचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि १८३८ मध्ये तिचा अहवाल आला. तोवर कैदी बेड्यांसह रस्त्यांच्या कामावर जात, बऱ्याच ठिकाणी त्यांना रोजचा भत्ता रोख मिळे आणि त्यातून शिधा विकत घेऊन ते आपापली चूल पेटवत. समितीला यात पुरेसा धाक दिसला नाही. रस्त्याचे काम बंद करून भिंतीआड कंटाळवाणे, एकसुरी कष्ट द्यावेत, रोख पैसे थांबवावेत आणि मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत, असे तिने सुचवले. रस्त्यावरच्या टोळ्यांत कैदी मोठ्या संख्येने मरत, हेही तिच्यापुढे होते, एवढे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु भिंतीआडही मरण थांबले नाही. १८६४ मध्ये दुसरी समिती बसली, तेव्हा आधीच्या दहा वर्षांत तुरुंगांत ४६,३०९ माणसे मरण पावल्याचे तिने नोंदवले आणि प्रत्येक कैद्याला किमान ५४ चौरस फूट जागा मिळावी, अशी शिफारस तिला करावी लागली. न्यायालयाने ज्यांना फाशी दिली नव्हती, अशी ही माणसे होती; ताप, आमांश, पटकी आणि कोंदट बराकींनी त्यांचा जीव घेतला.

शिस्तीच्या नावाखाली काय चालत असे, याचे एक उदाहरण बिहारमधील आरा आणि मुझफ्फरपूर येथील आहे. पितळी लोट्याचा हत्यारासारखा वापर होतो म्हणून १८५५ मध्ये तेथील कैद्यांचे लोटे काढून घेतले गेले आणि मातीची भांडी देण्याचे ठरले. मातीचे भांडे घासूनपुसून शुद्ध करता येत नाही, म्हणून हा धर्मावरच घाला आहे, असे कैद्यांनी मानले आणि ते उठले. मुझफ्फरपुरात तर गावातले लोक आणि आसपासची रयत त्यांच्या बाजूने गोळा झाली व लोटे परत करावे लागले. दोनच वर्षांनी, १८५७ च्या उठावात, उत्तर हिंदुस्थानातील अनेक तुरुंग फोडले गेले आणि हजारो कैदी बाहेर पडले. ज्या तुरुंगाचा धाक बसावा म्हणून वीस वर्षे खटपट चालली होती, तो तुरुंग लोकांनी परक्या सत्तेचे ठाणे म्हणूनच ओळखला होता.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म सर्वांत नेमके पकडले ते दादाभाई नवरोजींनी. इंग्लंडमध्ये त्या काळी असे तत्त्व होते की, तुरुंगातले जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा अधिक खडतर असले पाहिजे, नाहीतर शिक्षेची भीती वाटणार नाही. दादाभाईंनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर केलेल्या मांडणीत सरकारच्याच अहवालांतून कैद्याच्या अन्नवस्त्राचा वार्षिक खर्च काढला आणि तो देशाच्या दरडोई उत्पन्नाशेजारी ठेवला. दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये भरत होते. मुंबई इलाख्यातील एका कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च ४७ रुपयांच्या पुढे होता. सरकारने कैद्याचे लाड चालवले होते, असा याचा अर्थ नव्हे. माणूस जिवंत राहून काम करू शकेल एवढेच सरकार कैद्याला देत होते, आणि तेवढेही सरासरी प्रजाजनाच्या वाट्याला येत नव्हते. अशा देशात तुरुंग बाहेरच्या जगण्यापेक्षा कठोर करायचा, तर कैद्याला उपाशीच मारावे लागेल, हे या आकड्यांवरून उघड दिसते.

लगेच आलेल्या १८७६-७८ च्या दुष्काळात हे कागदावरचे गणित लोकांच्या अंगावर आले. दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर आणली गेली. दिवसभर माती उपसणाऱ्या आणि खडी फोडणाऱ्या माणसाचा हा शिधा होता. सक्तमजुरीच्या कैद्याला याहून जास्त धान्य मिळत होते. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्यावर माणूस जगत नाही, असे स्पष्ट लिहिले. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या लोकसंस्थेने विरोध नोंदवला आणि दख्खनमधील हजारो मजुरांनी कामावर जाणे नाकारले. त्याच काळात चोऱ्या, धान्याची लूट आणि दरोडे वाढले, तुरुंग भरून गेले. वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह जे दरोडे घातले, त्यांमागे या दुष्काळात डोळ्यांनी पाहिलेले हाल होते, हे त्यांच्या स्वतःच्या लिखाणात आहे. त्यांना जन्मठेप देऊन एडनच्या (आजच्या येमेनमधील) तुरुंगात पाठवले. तेथूनही ते एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १८८३ मध्ये तुरुंगातच वारले.

आकडे वाचताना कायद्यांकडेही पाहावे लागते. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरपणाची मोळी आणणे किंवा राखीव जंगलात गुरे चारणे गुन्हा ठरू लागले. त्याच वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणाऱ्या आदिवासींवर खटले भरता येऊ लागले. काल जे पोट भरण्याचे किंवा घरचे साधे काम होते, ते आज शिक्षापात्र झाले, की तक्त्यातील गुन्हेगार वाढणारच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर संपूर्ण जमातींना जन्मतः संशयित ठरवले. हा कायदा मुंबई इलाख्यात पुढे विसाव्या शतकात आला, सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली आणि स्वातंत्र्य येईपर्यंत पारधी, कैकाडी, भामटे या जमातींच्या कपाळी तो शिक्का राहिला. त्या शिक्क्याचे भोग आजही पारध्यांच्या पालावर रात्री-अपरात्री पोलीस येतात तेव्हा दिसतात, आणि याची चीड प्रत्येक मराठी माणसाला यायला हवी.

यावरून शिक्षाच नको, असे मी म्हणत नाही. बळी पडलेल्याला न्याय मिळालाच पाहिजे आणि अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु १८९४ चा तुरुंग कायदा स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके आपण तसाच चालवला, तुरुंगातली कामे जातीवरून वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द करावे लागले, आणि देशाच्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे अजून गुन्हा सिद्धही न झालेले कच्चे कैदी आहेत. अशा वेळी ‘जुना धाक’ परत आणा म्हणणाऱ्यांनी तो नेमका कोणावर बसणार, हे सांगावे. आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, गुन्ह्यांचे वार्षिक आकडे छापताना त्या वर्षीचे धान्याचे भाव, त्या भागातील पीकपाणी आणि कच्च्या कैद्यांची संख्या हीही माहिती शेजारच्या रकान्यात द्यावी.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सातारा