परिषद मोठी, पण पोरांच्या प्रॅक्टिकलचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

सप्टेंबर २०२३ ला दिल्लीत जी-२० देशांची परिषद झाली तेव्हा ८ ते १० तारखेला शाळा-कॉलेजं बंद, प्रगती मैदानाजवळचं सुप्रीम कोर्ट मेट्रो स्टेशन ९-१० ला बंद, माझी पुतणी तिथंच शिकायला होती, मेसवाला म्हणाला भाजी मिळंल तशी करतो. लेक्चर ऑनलाइन होतंय हो, पण टायट्रेशन (केमिस्ट्रीच्या लॅबमधलं प्रॅक्टिकल) काय मोबाईलवर करायचं? उद्या आपल्याकडं कोल्हापुरात असलं काही आलं (मंत्र्यांचा ताफा आला तरी दसरा चौक तुंबतोय की!) तर शिवाजी विद्यापीठानं प्रॅक्टिकलच्या नव्या तारखा आधीच लावाव्यात, हॉस्टेलची मेस चालू ठेवावी. गगनबावड्याहून एसटीनं येणाऱ्या पोराला आदल्या रात्री मेसेज टाकून काय उपयोग?

– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर