झोपाळ्याच्या फळीची अंगठी

पुणे
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज कुरिअरने एक लहान डबी पाठवली आहे. तीन-चार दिवसांत पोचेल. आत कापसात अंगठी ठेवली आहे. आई, तुझी. आपल्या झोपाळ्याच्या फळीची. दिवाळीत दिली होती तिच्यासारखीच दिसेल, पण ही वेगळी आहे, आणि काय वेगळं आहे ते नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फोनवर मी हा विषय काढला की तू "बरं, जेवलीस का?" म्हणून दुसरीकडे वळतेस. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवा.

श्रावणात तू मागच्या पडवीत घसरलीस, त्या रात्रीची गोष्ट आपण तिघांनी परत कधी काढली नाही. मनगट मोडलं, ते सहा आठवड्यांत भरून आलं. पण मला अजून आठवतं ते बोट. सुजून जांभळं झालेलं आणि सांध्याखाली रुतून बसलेली अंगठी. साबण लावून झाला, दोरा गुंडाळून झाला, शेवटी दवाखान्यातल्यांनी ते दात्यांच्या चकतीचं छोटं यंत्र आणलं. पातळ पट्टी अंगठीखाली सरकवली आणि वर चकती फिरवायला लागले. मनगट बसवताना तू हूं केलं नव्हतंस. चकती फिरायला लागली तेव्हा मात्र तोंड भिंतीकडे केलंस. १९७४ सालची अंगठी, पन्नास वर्षं बोटातून न निघालेली. तिचे वाकडे झालेले दोन तुकडे तुझ्या कुंकवाच्या करंड्यात आहेत, मी बघितले आहेत.

बाबा म्हणाले, सोनं कुठं जात नाही, आटवून नवी करू. तू म्हणालीस, या वयात काय करायचीय अंगठी. डॉक्टरांनी संधिवाताचं सांगितलं होतं, की बोटांचे सांधे आता अधूनमधून सुजणार, घट्ट काही घालायचं नाही. तिथं विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं. पण गणपतीत तू दुर्वा निवडत बसली होतीस, तेव्हा मी समोर होते. तुझा अंगठा सारखा त्या बोटाच्या मुळाशी जात होता, नसलेली अंगठी फिरवायला. त्याच दिवशी मी माळ्यावर चढले.

बाबा, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराचं पाणी माजघरात आलं तेव्हा झोपाळा चिखलात गेला. कडीपाशी फळी चिरली, बाकी काही झालं नाही. "साग आहे, वाया जायचा नाही," म्हणून तुम्ही ती माळ्यावर ठेवलीत. तिचा दीड फुटाचा तुकडा आणि तुमचा छोटा रंधा मी तुम्हाला विचारून पुण्याला आणला. कशाला हवा ते सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगते.

पहिली अंगठी मी सरळ फळीतून कोरली. चौकोनी तुकडा कापला, हँड ड्रिलने मधे भोक पाडलं, ते गोल कानशीने मोठं केलं आणि मग बाहेरून गोल केलं. तीन संध्याकाळी गेल्या. कानस चालवताना तुमचाच आवाज कानात होता, पुढे जाताना दाब, मागे येताना उचल, ओढू नकोस, दाते मरतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही लोखंडावर जे केलंत ते मी सागावर करत होते. अंगठी सुरेख झाली. पॉलिश पेपर मारताना थोडी दाबली गेली आणि टक् करून समोरासमोर दोन ठिकाणी तुटली. दुसरी केली, तीही तशीच, त्याच दोन जागी.

तेव्हा तुम्हाला फोन केला होता, आठवतंय? मी नुसतं विचारलं, लाकडाचं कडं का तुटतं. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. म्हणालात, "लाकडाच्या तंतूंची रेष बघ. फळीत रेष सरळ जाते, तू तिला गोल कापलंस. दोन बाजूंना रेष लांब आहे, तिथं पक्कं. उरलेल्या दोन बाजूंना ती आडवी कापली गेली, तिथं लाकूड नुसतं एकमेकांना चिकटून उभं आहे." आणि मग बैलगाडीच्या चाकाचं सांगितलंत. चाकाचं कडं सुतार कधी एका फळीतून कापत नाही. बाकदार तुकडे घेतो, प्रत्येकाची रेष त्याच्या लांबीने जाईल असे, ते आऱ्यांवर बसवतो आणि वरून लोखंडी धाव चढवून आवळतो. मी लहानपणापासून गाडीची चाकं बघितली, पण ती तुकड्यांची का असतात हे मला त्या दिवशी कळलं.

मला वाटलं, फांदीची चकती कापली तर? किंवा जुन्या लाटण्याची? करून बघितलं. ते त्याहून वाईट. तिथं रेष बोटाच्या दिशेने उभी असते, म्हणजे अंगठी जरा ताणली की जळाऊ लाकूड कुऱ्हाडीखाली फुटावं तशी उभी फुटते. लाकूड रेषेच्या दिशेने ओढलं तर कित्येक पट ताण सोसतं, आडवं ओढलं की लगेच हार मानतं.

मग एकच वाट उरली, रेषेलाच गोल फिरवायची. त्यासाठी लाकूड कोरायचं नाही, गुंडाळायचं.

फळीची बोटभर रुंद पट्टी कापली. रंध्याचं पातं नेहमीपेक्षा जरा जास्त बाहेर काढलं आणि पट्टीच्या पूर्ण लांबीभर एकच न थांबता हात फिरवला. पोह्याएवढं जाड, चाळीस सेंटीमीटरचं सलग सालपट निघालं. असं सांगितलं की सोपं वाटतं. दहातली आठ मधेच तुटली. सागात बारीक वाळूसारखं काहीतरी मुळातच असतं, त्यामुळे पातं फार लवकर बोथट होतं. दर दहा-पंधरा सालपटांनंतर दगडावर धार लावायला लागायची. धूळही बरी नाही त्याची, पहिल्या दिवशी शिंकून हैराण झाले, मग तोंडाला ओढणी बांधून बसायला लागले. (आई, काळजी करू नको, आता मास्क आणला आहे.)

चांगली निघालेली सालपटं जुन्या पातेल्यात वीस मिनिटं उकळली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि घरभर वास सुटला. तोच वास, पावसात झोपाळा भिजायचा आणि तू ओरडायचीस, "आत ओढा रे कुणीतरी," त्याचा. गॅस बंद करून मी जरा वेळ तशीच उभी राहिले.

उकळलेलं सालपट ओल्या चामड्यासारखं वळतं. तुझ्या बोटाचं माप घेतलं होतं तेव्हा तुला वाटलं मी बांगडीच्या मापासाठी कागद गुंडाळतेय. तो कागद मी सांध्यावरून घेतला होता, बोटाच्या मुळाशी नाही, कारण अंगठीला सांध्यावरून जायचं आहे. संध्याकाळी घेतला, कारण संध्याकाळी बोटं जास्त सुजलेली असतात. साठ मिलिमीटर भरला. तीन पूर्णांक चौदाने भागलं की एकोणीस. वायरिंगचा पाइप त्या मापाचा मिळाला, त्यावर सालपट गुंडाळून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधलं आणि दोन दिवस सावलीत वाळवलं. सोडलं तेव्हा ते आपणहून वेटोळं होऊन राहिलं होतं. मग त्याची दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर घासून कागदासारखी निमुळती केली, नाहीतर आतून पायरी राहते आणि बोटाला टोचते. डिंक लावत लावत सहा वेढे दिले. अडीच मिलिमीटरची भिंत झाली आणि रेष पहिल्यापासून शेवटपर्यंत गोल फिरत राहिली, कुठेही न कापता.

ती दिवाळीची अंगठी. तू घातलीस, लक्ष्मीपूजनाला मिरवलीस, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिचे पदर सुटले. तू मला दाखवली नाहीस. ओट्यामागे रबरबँड लावून ठेवलेली मला सापडली. आई, तुझं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मी साधा पांढरा डिंक वापरला होता, तो पाण्याने मऊ होतो, आणि तुझे हात दिवसभर पाण्यात असतात हे मला माहीत असायला हवं होतं. दुसरं म्हणजे सागात स्वतःचं तेल असतं, ते पुसल्याशिवाय डिंक नीट धरत नाही. या खेपेस प्रत्येक वेढा थिनरने पुसून घेतला आणि दोन नळ्यांचं एपॉक्सी वापरलं, पूर्ण एक दिवस आवळून ठेवून. हिच्यासारखीच दुसरी करून मी स्वतः तीन आठवडे घातली, भांडी, आंघोळ, कपडे सगळं त्यातच. पदर सुटला नाही.

वरून जवसाचं तेल लावलं आहे. तू म्हणशील, खोबरेल का नाही? खोबरेल कधी सुकत नाही, तसंच चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं तेल हवेने हळूहळू घट्ट होतं, त्याची पातळ सालच तयार होते. तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर आठवडाभर गॅलरीत ठेवली. बाबा, तुम्ही घरी कधी हे तेल वापरलंत तर पुसलेलं फडकं चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. चुरगाळलेलं फडकं आतून तापत जातं आणि आपोआप पेटू शकतं.

आता खरं जे सांगायचं आहे ते. बाबा, तुम्ही विचारलं होतंत, लाकडाची अंगठी कुणी घालतं का, शोभतं का. श्राद्धाला तुम्ही अनामिकेत दर्भाचं पवित्रक घालता, त्याहून पवित्र अंगठी घरात दुसरी कुठली आहे? आजीच्या गळ्यातली पंढरपूरची तुळशीची माळ लाकडाचीच होती, आणि तिच्या घामाने मणी कसे काळेभोर, चकचकीत झाले होते. पण मी लाकूड निवडलं ते यासाठी नाही. सोन्याची अंगठी आईच्या बोटापेक्षा दणकट होती. बोट सुजलं तेव्हा अंगठीने माघार घेतली नाही, बोटाला सोसावं लागलं. मला अशी अंगठी हवी होती जी पोळ्या लाटताना, फुलं काढताना टिकेल, पण वेळ आली तर आधी ती तुटेल.

म्हणून मुद्दाम अरुंद केली आहे, सहा मिलिमीटर. मी स्वतः घातलेली ती अंगठी नंतर एका गाजरावर चढवली आणि वायर कापायच्या पक्कडीने दोन्ही कडांवरून चिमटली. दोन चिमट्यांत उघडली. गाजराच्या सालीवर ओरखडा नाही. बाबा, तुमची लाल मुठीची पक्कड हत्यारांच्या पेटीतून काढून स्वयंपाकघरात खिळ्याला टांगा. आईला जागेची सवय होऊ दे. बोट सुजायला लागलं, अंगठी फिरेना, की वाट बघायची नाही, दवाखान्यात जाईपर्यंत थांबायचं नाही, माझी अंगठी आहे म्हणून हळहळायचं तर मुळीच नाही. सरळ तोडायची. माझ्याकडच्या तुकड्यातली फळी अजून शिल्लक आहे, आणि माळ्यावर बाकीची आहेच. एका पट्टीतून पंधरा-वीस सालपटं निघतात. आई, तू कितीही तोडल्यास तरी माझ्याकडे अंगठ्या संपणार नाहीत.

कणीक मळताना काढून ठेव. भिजली तर पुसून सावलीत ठेव, गॅसजवळ किंवा उन्हात नको. थंडीत बोट बारीक होतं, तेव्हा सैल वाटली तर सांग, एक वेढा आतून वाढवून देईन. पहिल्यांदा घालशील ती सकाळी नको, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी घाल, म्हणजे माप खरं कळेल. चार फेब्रुवारीला रथसप्तमी आहे, तोवर हळदीकुंकवाला जाशील त्या बायका विचारतील, तेव्हा पदराखाली हात घेऊ नको.

बाबा, सांध्यावरून ती सरकताना जरा अडते की सहज जाते, एवढं तुम्ही स्वतः बघून मला कळवा. आईला विचारलं तर ती "छान आहे" एवढंच म्हणेल.

तुमची धाकटी