निकाल लागण्याआधीच शिक्षा नको: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार.

सादर नमस्कार.

मी तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करतो. माझा एक अशील नर्सिंग झालेला आहे. जर्मन भाषेची परीक्षा तो पास झाला, तिकडच्या रुग्णालयाचं नियुक्तिपत्रही हाती आलं. पण भावाच्या संसारातल्या भांडणात वहिनीनं सासरच्या छळाच्या 498अ कलमाखाली फिर्याद दिली, त्यात दीर म्हणून याचंही नाव आहे. तो दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवील. पण दोषारोपपत्र दाखल होऊन काही वर्षं उलटली, तरी पहिला साक्षीदार अजून पिंजऱ्यात उभा राहिलेला नाही.

पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 6(2)(एफ) नुसार फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनं त्यातून वाट काढून दिली: कोर्टाची परवानगी आणा. पण कोर्टाच्या त्या आदेशात मुदत लिहिलेली नसली की पासपोर्ट मिळतो फक्त एक वर्षाचा. आता बघा, बरेच देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे तो हातात पडतो तेव्हाच निम्मा संपलेला असतो. दोन-तीन वर्षांचा करार करणारा मालक असा पासपोर्ट बघून दुसरा उमेदवार शोधतो.

त्याच कायद्याचं कलम 6(2)(ई) वाचलं की मला राहवत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्याला हा अडसर पाच वर्षांचा आहे. दोष सिद्ध झालेला माणूस पाच वर्षांनी या कलमातून सुटतो. ज्याचा खटला दहा वर्षं रेंगाळला तो दहाही वर्षं अडकलेला. तारखा काही तो मागत नाही. कधी साक्षीदार येत नाही, कधी न्यायाधीशांची बदली होते.

परदेश प्रवास हा राज्यघटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयात मनेका गांधी खटल्यात 1978 सालीच ठरलं. उच्च न्यायालयं वेळोवेळी दिलासा देतात, हेही खरं. पण तिथवर जायचा खर्च नर्सिंगच्या पोरानं कुठून आणायचा?

पासपोर्ट कायद्याच्या कलम 22 खाली काढलेली ती 1993 ची अधिसूचना बदलायला संसदेत जावं लागत नाही. कोर्टानं परवानगी दिली आणि मुदत लिहिली नाही, तर नेहमीसारखा दहा वर्षांचा पासपोर्ट द्यावा. आरोपी तारखेला हजर राहील याचं हमीपत्र घ्याच. गंभीर गुन्ह्यांत कोर्ट मुदत घालून देईलच, तो अधिकार कोणी काढून घेत नाही.

आणखी एक. परदेशात कायम वास्तव्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी अर्ज करताना पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे गुन्ह्याची प्रतिकूल नोंद नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. निर्दोष सुटलेल्यांची जुनी नोंद पोलीस ठाण्यात तशीच राहते आणि पडताळणीत प्रतिकूल शेरा येतो. मग निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन ठाण्याचे हेलपाटे. असा शेरा आला तर पासपोर्ट कार्यालयानं खटल्याची सद्यस्थिती ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावी आणि मगच निर्णय द्यावा, असे लेखी आदेश आपण काढावेत ही विनंती.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील